घरातली मॉक ड्रिल

माझा नवरा पुष्कर शहराबाहेरच्या उरला या कारखान्यांच्या भागात, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. आग लागल्यावर मोबाईल, डबा, काहीही घ्यायला कोणालाही परत आत जाऊ न देणारा माणूस, अशी त्याची तिथे ओळख. एकदा त्याने मॅनेजरलाच दंडाला धरून बाहेर उभं केलं होतं, तेही नुसत्या सरावात. मिलमधले लोक त्याच्या मागे त्याला 'सीटीवाले भैया' म्हणतात. त्याला ते माहीत आहे, आणि आवडतंही. घरी मात्र तो मवाळ. इराच्या वेण्या तोच घालतो. मांजरींशी मराठीतच बोलतो, कारण त्याच्या मते त्यांना हिंदी कळत नाही.

इरा, म्हणजे इरावती, आमची मुलगी. सहावीत आहे. मांजरी तिच्या. नावं तिने नाश्त्याच्या पदार्थांवरून ठेवली, चीला आणि फरा. ती मराठी सगळं समजते, पण शाळेत नि गल्लीत सगळीकडे हिंदीच, म्हणून उत्तर हिंदीतच देते.

आम्ही बूढ़ापारा या जुन्या, दाटीच्या मोहल्ल्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली गाद्यांचं दुकान आहे. कापसाचे गठ्ठे जिन्याच्या तोंडाशी आलेले, आणि त्याच जिन्यात सगळ्यांचे मीटर. पलीकडच्या गल्लीत एक दुकान जळालं, तेव्हापासून मी पुष्करच्या मागे लागले.

"दुनियेले वाचवून राहिला तू. आपल्या घराचं काय?"

मग त्याने तयारी सुरू केली. मांजरी न्यायच्या दोन जाळीच्या बॅगा आल्या. दाराजवळ एक पिशवी टांगली गेली. तिच्यात मांजरींचं खाणं, पाण्याची बाटली, लसीचे कागद. नाकाला ओले करून लावायला टॉवेल. आणि दर रविवारी मॉक ड्रिल.

मिलमध्ये शिट्टी वाजली की माणसं हातातलं काम टाकून मोकळ्या जागी जमतात आणि हजेरी होते. पुष्करने तेच घरी आणलं. शिट्टी वाजली की तो चीलाला धरणार, मी फराला, आणि इरा बॅगांच्या चेन उघडणार. मांजरी आत कोंबायच्या, खाली उतरायचं, मोहल्ल्यातल्या तलावाजवळच्या चहाच्या टपरीपाशी हजेरी द्यायची. टपरीवर पहिल्या मजल्यावरचे यशवंतराव बसलेले असत.

"काहो पुष्कर, मांजरींले ओव्हरटाइम लागते का?"

"लागते ना काका. दुधात देतो."

पहिला रविवार छान गेला. पुढे पुढे मांजरी सापडेनाशा झाल्या. शिट्टी तोंडाशी गेली की दोघी गायब. कधी कूलरच्या मागे, कधी माळ्यावर गाद्यांच्या आत. पुष्कर म्हणाला, "शिस्तच नाही यांना." आणि पुढच्या वेळी आणखी जोरात वाजवली. इरा म्हणाली, "पापा, सीटी मत बजाओ ना. उनको लगता है बंद करने आ रहे हो."

"सवय होते, बेटा. मिलमधल्या पोट्ट्यांचंही सुरुवातीला असंच असते."

मी इराची बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर ती शिट्टी ऐकून मला बरं वाटायचं. घरात कोणीतरी काहीतरी करतंय, एवढंच माझ्या भीतीला पुरत होतं. पुष्करने एखादा रविवार टाळला तर मीच आठवण करत असे.

नवतपाची, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतली, दुपार होती. घराघरात कूलर चालू. पुष्करची रात्रपाळी होती म्हणून तो घरी होता. जिन्यात काहीतरी फटफटलं आणि दाराच्या फटीतून काळा धूर आत येऊ लागला. पुष्कर उठला, टॉवेल भिजवले, आणि सवयीने खिशातली शिट्टी काढून वाजवली.

चीला आणि फरा इराच्या मांडीजवळच झोपल्या होत्या. हात घातला असता तर मिळाल्या असत्या. शिट्टीसरशी दोघी उडाल्या.

इरा दिवाणाखाली आडवी होऊन हात घालू लागली. मी हाका मारत होते, ती ऐकत नव्हती. धूर वाढत होता. तेव्हा पुष्करने माझ्यादेखत एका बॅगेत सोफ्यावरची उशी टाकली, पाण्याची बाटली टाकली, चेन लावली आणि वरून ओला टॉवेल घातला.

"इरा, सापडल्या. दोघी आत आहेत. चल."

ती दिवाणाखालून निघाली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "चल लवकर."

नाकाला ओले टॉवेल धरून धुमसत्या मीटरच्या बाजूने आम्ही उतरलो, तेव्हा खाली टपरीपाशी गल्ली जमली होती. कोणीतरी मेन स्विच बंद करायला धावत होतं, कोणी बंबाला फोन लावत होतं. यशवंतरावांनी आम्हाला पाहून विचारलं, "तुमची हजेरी पुरी झाली ना?" इराने बॅग त्याच्या हातातून घेतली, खाली ठेवली, टॉवेल काढला आणि चेन उघडली.

"पापा, इसमें तो बोतल है."

ती ओरडली नाही. सांगितल्यासारखं बोलली. यशवंतराव मान वळवून तलावाकडे बघू लागले. टपरीवाल्यानेही ग्लास विसळायला घेतले. इतक्या लोकांसमोर आम्ही नवराबायको त्या उशीकडे बघत उभे होतो.

पुष्कर जिन्याकडे धावला. गाद्यांच्या दुकानातल्या दोघांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. ज्या पकडीने तो इतकी वर्षं लोकांना थांबवतो, तिच्यातून सुटायला तो धडपडत होता. "भैया, आप ही जाओगे तो हम किसको रोकेंगे?" त्यांच्यातला एक म्हणाला. त्याच्या मनात टोमणा नसावा. पुष्कर तिथेच फुटपाथवर बसला.

आग मीटरच्या बोर्डापुरतीच राहिली, पण धूर आमच्या घरभर भरला होता. वर जाऊ दिल्यावर इराने आम्हाला दाराबाहेरच थांबवलं. ती एकटी आत जाऊन फरशीवर गप्प बसली. बऱ्याच वेळाने चीला माळ्यावरून उतरली. फराला कूलरच्या मागून ओढून काढावं लागलं. ती काळीठिक्कर झाली होती आणि धापा टाकत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. ती वाचली, पण अजून श्वास घेताना तिची छाती वाजते.

त्या संध्याकाळी पुष्कर इराला म्हणाला, "तुले खाली न्यायचं होतं मले. सापडल्या नाही असं सांगितलं असतं, तर आली असती तू?"

तिने विचार केला. "नहीं."

"मग?"

"पर सीटी किसने बजाई?"

त्याने शिट्टी मिलच्या कपाटात ठेवून दिली आहे. हे त्याने मला सांगितलं, इराला नाही. आता बॅगा हॉलमध्ये उघड्याच पडलेल्या असतात. इरा मांजरींना त्यांच्यातच खाऊ घालते, आणि चीला दुपारी आत जाऊन झोपते. फरा अजून उंबऱ्याशीच थांबते. इरा तिला ढकलत नाही.

गेल्या रविवारी इराने स्वतःच ड्रिल ठेवली. आवाज नाही, घाई नाही. खाऊ टाकला, वाट पाहिली, हळूच चेन लावली. पुष्करने दोन्ही बॅगा उचलल्या आणि दारात म्हणाला, "दोघी आहेत."

इराने त्याच्या हातातल्या बॅगांच्या चेन थोड्या उघडून दोन्हींत पाहिलं. मिलच्या गेटवर झडती देणाऱ्या माणसासारखा तो हात लांब धरून उभा राहिला. मी मागेच होते. चेन लावून ती जिना उतरू लागली. खरं का, असं तिने या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. आगीच्या दिवसापासून ती मला असं काही विचारत नाही.