रांजणाला लावलेला कान

आमच्या घरी द्राक्षासव व्हायचं. तांबडंलाल, आणि घेणारे म्हणत तसं गोडसर. वैद्यांकडंही आसव मिळे, पण ते पैसेवाल्यांचं. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, गिरणीतल्या बायांना परवडणारं. एका रांजणात निवडक काळ्या मनुका, दुसऱ्यात मोडक्या मनुका नि मैंदर्गीचा गूळ, दोन्हींत आंबायला धायटीची फुलं. महिनाभर भुशात पुरून मग दोन्हींचा मेळ तिसऱ्या रांजणात. तो मेळ चाळीस वर्षं त्यांच्याच हातचा. गिरणीची पाळी संपवून आलेल्या बाया सात रस्त्याच्या दुकानातून बाटली नेत.

मनुका निवडणं, बाटल्या उकळणं, भुसा उपसणं माझ्याकडं, शिवाय घरचं होतंच. तेरा वर्षं मी नुसती राबत होते. त्यातला थेंब कधी माझ्या जिभेवर पडला नाही. कुणी दिला नाही, मीही मागितला नाही.

रांजण झाला की नाही हे मामंजी कान लावून ओळखत. आत आंबण्याची सुरसुर असली तर थांबायचं, गप्प झाला की भरायचं. त्या वर्षी त्यांचे कान बरेच गेले होते. त्यांनी ते लपवलं, पण मला कळलं. सासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, सगळं दारामागून बांगड्या वाजवून सांगायचं. आणि मी वाजवून वाजवून दमले तरी ते वळत नव्हते.

एका दुपारी मेळाच्या रांजणाला कान लावून ते म्हणाले, "गप झालाय," आणि बाटल्या मांडायला लागले. मी शेजारीच भुसा काढत होते. कान न लावताही मला सुरसुर ऐकू येत होती. बुचं मारली असती तर दुकानाच्या फळीवर बाटल्या फुटल्या असत्या, आणि म्हाताऱ्याचं नाव मातीला मिळालं असतं. नवरा गिरणीत, घरात तिसरं कुणी नाही.

मी बांगड्या वाजवल्या. मग हळूच "थांबा" म्हटलं. ते पहिल्या बाटलीत नरसाळं घालत होते. खरं सांगते, भीतीपेक्षा मला वीट आला. एवढं राबायचं, वर तोंडही शिवून ठेवायचं! पदर सावरला नि ओरडले, "मामंजी, भरू नका! अजून बोलतंय ते!"

शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मामंजींनी पुन्हा कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. "मला न्हाय ऐकू येत," ते म्हणाले. मग तेरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"लई दमलाय की गं तुझा आवाज."

मला इतकं रडू आलं की शेजारीण निघून गेली. मामंजींनी गेल्या वर्षीची बाटली उघडली, वाटीत थोडं ओतलं नि माझ्यापुढं सरकवलं.

"घे. दमल्या बायांसाठीच करतोय न्हवं मी."

घशाला झोंबलं. वाटी मी बोटानं पुसून चाटली.