कधीतरी येणाऱ्यांची गादी

गाद्यांच्या दुकानात किस्से न मागता जमतात. माणूस गादीवर आडवा झाला की घरातलं सगळं सांगून टाकतो. हडपसरच्या आमच्या शेठच्या दुकानात ते ऐकायचं काम दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. मी टेंपोवर, गाद्या घरपोच करायला. शाळा आठवीत सोडली, पण दादाच्या चिठ्ठ्या वाचता यायच्या. दादा दुकानातच छातीत कळ येऊन गेला, त्याला आज बावीस दिवस झाले. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

*

दादा आधी किंमत सांगायचाच नाही. विचारायचा, “कोण झोपणार? किती रात्री?” उत्तर चिठ्ठीवर लिहायचा, मगच गादी काढायचा.

एकदा आयटीतले एक साहेब आले. “मेमरी फोम, स्वस्तातला. सासूबाई येणारेत.”

“किती रात्री?”

“तेच तर कळत नाहीये.”

दादाने चार इंची दाखवली. साहेबांची बायको मागेच उभी होती. म्हणाली, “आईसाठी सहा इंची द्या. ही यांना राहू दे.”

*

पेठेतले एक आजोबा नमुन्याच्या गादीवर पाऊण तास झोपले. घोरलेसुद्धा. उठून म्हणाले, “नको. पाहुणे मुक्काम वाढवतील.”

दादा म्हणाला, “मग चटई बघता का?”

*

स्वस्त फोम गुंडाळून येतो. उघडला की वास मारतो. “पाहुण्यांच्या दोन दिवस आधी उघडा,” दादा प्रत्येकाला बजावायचा. मांजरी गावातल्या एका बाईंनी नागपूरचे आईवडील दारात आल्यावर गुंडाळी सोडली. वडील म्हणाले, “आम्ही हॉटेलात जातो, तू या गादीलेच झोपव.”

बाईंनी फोनवर दादाला झापलं. दादा शांतपणे म्हणाला, “मी दोन दिवस म्हणालो होतो, दोन मिनिटं नाही.”

*

दिवाळीत मी एक गादी चुकीच्या पत्त्यावर टाकून आलो. दादा गिऱ्हाइकांसमोर मला अडाणी म्हणाला. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरातून बॅग उचलली आणि लोणी काळभोरला खोली घेतली. मग सहा महिने एकाच दुकानात आम्ही फक्त चिठ्ठीवर बोललो.

एकदा पत्त्याखाली त्याने लिहिलं, “तिसरा मजला. लिफ्ट नाही. कमरेला जप.”

मी खाली लिहिलं, “तुम्ही गादीची काळजी करा.” जन्मात पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हणालो.

शेठ म्हणाले, “पोस्ट ऑफिस दुसरीकडे काढा.”

*

काल शेठनी राहिलेल्या चिठ्ठ्या हातात दिल्या. एकीवर दादाच्याच घरचा पत्ता. मेमरी फोम, सहा इंची. कोण झोपणार: धाकटा भाऊ. किती रात्री, तिथे काहीच नाही. ती जागा दादाने कधी रिकामी सोडली नव्हती.

तेराव्यानंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो. गादी खांद्यावर घेऊन गेलो. वहिनीने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

“सही लागते,” मी म्हणालो.

तिने सही केली. म्हणाली, “सोड गुंडाळी.”

वास घरभर झाला. वहिनीने खिडकी उघडली.

“परवा ये,” ती म्हणाली. “जेवायलाच ये.”