हवेची गाडी आणि दिव्यानीचे बाबा

आमच्या अंगणाचं फाटक कितीतरी दिवसांपासून एका बाजूनं लोंबतंय. उचलून उघडायचं, उचलूनच लावायचं. घरधन्याला त्याचं काही नाही. त्यांना वाकडं दिसतं ते फक्त गाडीचं.

घरधनी म्हणजे लच्छू ड्रायव्हर, आमच्या दिव्यानीचे बाबा. मूल गावच्या एका राइस मिलचा ट्रक चालवतात. दोन वर्षांपूर्वी मालकानं नवा ट्रक घेतला, मागं स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांऐवजी रबराचे फुगे असलेला. फुग्यांत हवा, हवेवर गाडी. एक्सलजवळ एक वॉल्व्ह आणि त्याला एक दांडी; ती पान्यानं कमी-जास्त केली की गाडीची ठरलेली उंची बदलते. वजनानं गाडी दबली की दांडी वॉल्व्ह उघडते, हवा आत शिरते आणि गाडी ठरल्या उंचीवर येते. माल उतरला की जास्तीची हवा निघून जाते. मला हे कसं कळलं? भात वाढता वाढता रोज हेच ऐकून कान किटलेत माझे.

"उंची आपन ठरवाची, हवा किती लागते ते वजन ठरवते," हे यांचं ब्रह्मवाक्य. एखादा ड्रायव्हर चुकून म्हणाला, की जरा हवा कमी केली तर गाडी नरम चालेल, की संपलं. "सायकलचा ट्यूब हाय का बे तो?" इथून जे सुरू व्हायचे, ते चहा थंड होईपर्यंत. बरं, उंची मोजायला जमीन सपाट हवी. अख्ख्या गावात यांना सपाट जागा सापडली ती सुगंधाबाईच्या खळ्यात. तिनं धानासाठी शेणानं सारवून ठेवलेलं खळं, आणि आमच्या शहाण्यानं त्यात ट्रक उभा केला.

"लच्छूभाऊ, मले धान मळाचा हाय का तुमचा ट्रक?" ती ओरडत होती, आणि हे गाडीखालून नुसता हात हलवत होते, थांब म्हणून. शिव्या मी खाल्ल्या. खळंही मीच परत सारवलं.

तरी मी फार ताणत नाही, कारण या वेडाचं मूळ मला माहीत आहे. दिव्यानीला आलापल्लीच्या पुढं दिलंय. नवी गाडी यायच्या आधी तिला दिवस गेले होते, चौथा महिना होता. माहेरी आणायला हेच गेले, जुन्या पाट्यांचा रिकामा ट्रक घेऊन. रिकामा असला की तो खड्ड्याखड्ड्याला उडायचा. घरी आल्यावर दोन दिवसांतच सगळं गेलं. डॉक्टरीणबाईंनी बसवून समजावलं, की असं रस्त्यानं होत नाही, गर्भच नीट नव्हता. मला पटलं. यांना नाही.

या हिवाळ्यात तिला पुन्हा सातवा लागला. प्रवासाला डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं. जावई म्हणाले, मीच चांगली जीप करून आणतो, पण हे ऐकतील तर शपथ. मालकाकडून ट्रक मागून घेतला आणि आम्ही दोघं निघालो.

तिच्या घरून निघताना विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, फुग्यातली थोडी हवा सोडून द्या न. पोरीले नरम लागल."

झालं, म्हटलं, आता बिचाऱ्या विहीणबाईंना व्याख्यान. पण हे पाना घेऊन सरळ गाडीखाली गेले. मला वाटलं, नेहमीची तपासणी.

गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात गाडी मागून ढणकन आदळली. दुसऱ्या खड्ड्यात दिव्यानीनं माझं मनगट आवळलं. मी खिडकीतून वाकून पाहिलं, तर गाडीचं मागचं अंग पार खाली बसलेलं. फुग्यांत हवा नावालाच.

"तुमी दांडी कमी केली?"

"नरम होईल म्हटलं..."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "दोन साल माहं डोस्कं खाल्लं, साऱ्या ड्रायव्हरायले शहानपन शिकवलं, अन् सोताच्या पोरीच्या टायमाले अक्कल कुठी गेली? फुगा बसला का एक्सल सीधा चासीले ठोकते, हे कोन सांगे? मी सांगो का?"

पुढच्या गावात समाजमंदिरापुढं सिमेंटचं अंगण होतं. तिथं गाडी लावली. हे टेप घेऊन खाली शिरले आणि तसेच बाहेर आले. बाहीनं डोळे पुसले.

"आकडा दिसूनच नाई राह्यला, चंदा. मांगच्या टायमाले बी मीच आनलो होतो तिले."

इतका राग आला मला, यांचा आणि यांच्या त्या दोन वर्षांच्या दुःखाचा. रडायचं असतं तर घरी रडायचं होतं माझ्याजवळ. उंची मोजत काय बसलात?

"सरका तिकडं," मी म्हणाले. पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. टेप मी धरला, पाना यांनी. "वाढवा. आनखी. आता बस." फुस्स करत हवा भरली आणि गाडी हळूहळू उठली. समाजमंदिराच्या ओट्यावरची माणसं माझ्याकडं बघून हसत होती. हसोत.

मग पुढं खड्डे तेच होते, पण आदळणं थांबलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दिव्यानी निजली.

"निजली का?" यांनी विचारलं.

"निजली."

थोडं पुढं गेल्यावर परत, "खरंच निजली न?"

"हो म्हटलं न."

मग अगदी खालच्या आवाजात, "अन् ते? पोटातलं?"

माझा हात मघापासून तिथंच होता. "लाता मारून राह्यलं," मी म्हणाले. "खड्ड्याहून जोरात. तुमी समोर पाहा."