दहापैकी दहा देणारे मंगळवेढेकर

आमच्या कॉलनीत कुणाला तक्रार लिहून हवी असली, की माणूस एकच: गोपाळराव मंगळवेढेकर. चौतीस वर्षं एका शाळेत हेडक्लार्क होते. नळाला पाणी एक दिवस उशिरा आलं, अर्ज. बसस्टँडवरच्या बाकाचा खिळा वर आला, अर्ज. भाच्याच्या लग्नात मठ्ठा आंबट लागला, तर केटररला तीन मुद्द्यांचं पत्र गेलं आणि त्याची प्रत माहितीस्तव वधूपित्याला. त्या बिचाऱ्यानं मांडवात रडायचं ते पत्र वाचून रडून घेतलं.

असा माणूस शाळेचा कितपत लाडका असणार? निवृत्तीच्या दिवशी सत्कार ठरला होता. पण मुख्याध्यापकांच्या विरोधात गोपाळरावांचे दोन अर्ज वरच्या ऑफिसात पडून होते, त्यामुळे शाल आणायचं सगळ्यांच्याच लक्षातून राहिलं. सोहळ्याच्या नावाखाली वेफर्स खाऊन मंडळी पांगली. त्यांच्या पत्नी, गोदावरीवहिनी, त्या दिवसासाठी नवी इरकल नेसून गेल्या होत्या. घरी येऊन त्यांनी ती घडी करून ठेवली, आणि त्या विषयावर दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत.

यंदा पाडव्याला त्यांनी गाडी घेतली. कॉलनीत सगळे उंच, जीपसारख्या गाड्या घेत होते. गोपाळरावांचा सिद्धांत वेगळा. "गाडी म्हणजे डिकी. डिकी नाही ती रिक्षा," असं ते उंच गाडीवाल्यांना थांबवून सांगायचे. गाडी आणायला त्यांनी मलाही नेलं, शेजारी म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त.

शोरूममध्ये गाडीवरचं लाल कापड ओढलं, टेबलाएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात दिली, डोक्याला फेटा बांधला. आणि मग शाल आली. शाल, श्रीफळ, टाळ्या! गोपाळरावांनी ती खांद्यावर दोनदा सारखी करून घेतली, हे मी पाहिलं. तेवढ्यात गाडी विकणारी सुकन्या नावाची मुलगी कानाशी वाकून म्हणाली, "काका, कंपनीचा फोन येईल. किती समाधानी आहात विचारतील. दहाच म्हणा हं. नऊ म्हणजे आमच्यात नापास."

अंगावर शाल असलेला माणूस नऊ कसा म्हणेल? दुसऱ्या दिवशी फोन आला. गोपाळरावांनी दहा दिले आणि वर सुनावलं, की अकरा असते तर अकरा दिले असते. आठवडाभरात शोरूमच्या दारात बोर्ड लागला. त्यावर फेटा बांधलेले, शाल पांघरलेले गोपाळराव, आणि खाली अक्षरं: 'आमचे समाधानी ग्राहक, दहापैकी दहा'. तो बोर्ड दाखवायला त्यांनी मला तीनदा नेलं. एकदा तर भाजी आणायच्या निमित्तानं, आणि मंडई होती बरोब्बर उलट्या दिशेला.

पंधरा दिवस सुखात गेले. मग एसीचं पाणी गळायला लागलं. बाहेर गळतं ते नव्हे, आत, डाव्या सीटच्या पुढ्यात, म्हणजे वहिनींच्या पायांवर. मागच्या चाकाकडून खडखड सुरू झाली. आणि जिच्यासाठी एवढा सिद्धांत मांडला ती डिकी कंबरेचा धक्का दिल्याशिवाय लागेना. कंबर अर्थात वहिनींची.

गाडी वॉरंटीत होती. एक फोन केला असता तर सगळं फुकटात दुरुस्त झालं असतं. पण फोन करणार कोण? समाधानी ग्राहक? गोपाळराव दोनदा सर्व्हिसिंगला गेले, दारातल्या स्वतःच्या फोटोखालून आत शिरले, मेकॅनिकला "सहज आलो होतो" म्हणाले आणि मशीनचा चहा पिऊन परत आले. पाण्याखाली त्यांनी एक कोरा सोलापुरी टॉवेल अंथरला. वहिनी तो रोज पिळून वाळत घालत. खडखडीवर उपाय म्हणून अभंग मोठ्यानं लावायला सुरुवात केली, कारण टाळांच्या आवाजात खडखड बुडते. बाकाच्या खिळ्यासाठी मंत्र्यापर्यंत जाणारा हा माणूस, स्वतःच्या गाडीपुढं मूग गिळून बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्क्याही स्वतःच्याच.

मला महिनाभर भरपूर हसू येत होतं. मग मे महिन्यात बिरुदेव आला.

बिरुदेव सांगोल्याकडचा मेंढपाळ. मागं त्याच्या पूनमची स्कॉलरशिप अडकली होती, तेव्हा गोपाळरावांनी चार अर्ज लिहून ती सोडवून आणली होती. "गप्प बसू नकोस, गप्प बसणाऱ्याला सगळे विसरतात," असं त्यांनीच त्याला बजावलं होतं. तेव्हापासून बिरुदेवाच्या लेखी देवाच्या खालोखाल गोपाळराव.

"साहेब, आता मेंढरामागं चालवंना," तो ओट्यावर बसत म्हणाला. "साठच्या साठ मेंढरं काढतो आन् तुमच्यावानी गाडी घेतो. सांगोल्यात भाड्यानं फिरवीन. शोरूमला तुमचा फोटू बघितला की. म्हनलं, ज्या मानसाला देवाचा परसाद बी कमी गोड लागतो, त्यानं दहा दिल्यात, म्हंजी गाडी लई चोख असनार. तरी बी तुमच्या तोंडून ऐकाय आलोय. तितं महिपती व्यापारी टेंपो लावून बसलाय. तुमी व्हय म्हनला की मेंढरं भरायची."

गोपाळरावांनी माझ्याकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं. "चल, एक चक्कर मारू," म्हणाले. मला त्यांचा राग आला. साठ मेंढरं म्हणजे त्या माणसाचं सगळं आयुष्य होतं, आणि हे त्याला चक्कर मारायला नेत होते.

बिरुदेवानं पायताण फाटकाशीच काढलं. "नव्या गाडीत पायतानानं बसत्यात व्हय?" म्हणत तो अनवाणी पुढं बसला. वहिनी आणि मी मागं. बसताबसता त्याला पायाखाली टॉवेल दिसला. "आगं माय, येवडा चांगला टॉवेल पायाखाली? नगं वो." त्यानं तो उचलला, नीट घडी केली आणि मागं वहिनींच्या हातात दिला. पुढच्या आरशात गोपाळरावांचा चेहरा मला दिसला. वहिनींनी टॉवेल मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून बसल्या.

टाळ कडाडले, गाडी कुंभारीच्या रस्त्याला लागली. बिरुदेव पाय जुळवून बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "साहेब, गानं जरा बारीक करा की." गोपाळरावांनी आवाज एक घर कमी केला. खडखड दोन घरं वर आली.

कुंभारीच्या पुढं बिरुदेवाचा फोन वाजला, तशी गाडी एका लिंबाखाली उभी केली. पलीकडून महिपती ओरडत होता, "आरं, ऊन चढलं की! भरू का मेंढरं?" मागून मेंढरांचं बें बें ऐकू येत होतं. बिरुदेवानं फोनवर हात ठेवला.

"साहेब, काय सांगू?"

"दहापैकी," गोपाळराव म्हणाले आणि थांबले. मी तोंड उघडणार होतो, पण वहिनींनी अशी नजर टाकली, की मी गप्प बसलो. हे त्यांनीच बोलायला हवं होतं. पुढं कुठंतरी पाणी टपटपत होतं.

"नको म्हणावं. भरू नको म्हणावं," ते एकदाचे म्हणाले. मग अर्जातल्यासारखे मुद्दे काढले. "एक, पाणी गळतं. दोन, मागं खडखडतं. तीन, डिकी लागत नाही. चार..." चौथ्याला त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "चार, मी खोटं बोललो."

बिरुदेवानं फोन कानाला लावला. "महिपती, सोड मेंढरं. चरू दे." मग धोतराच्या सोग्यानं पाय पुसत तो म्हणाला, "साहेब, पाय मगाच भिजलं हुतं. म्हनलं, बघू सांगत्यात का. बाजारात जनावराची खोड आमी बी गिऱ्हाइकाला सांगत न्हाय. पन मी गिऱ्हाईक नव्हतो की."

येताना अभंग कुणी लावला नाही. खडखड घरापर्यंत सोबतीला होती.

त्याच दुपारी गोपाळरावांनी अर्ज लिहिला आणि नेहमीप्रमाणे शुद्धलेखन तपासायला माझ्याकडं आणून दिला. 'विषय: मी स्वतः दिलेल्या दहा गुणांबाबत.' पहिले तीन मुद्दे गाडीचे. चौथा असा: 'दर्शनी बोर्डावरील माझे छायाचित्र त्वरित उतरवण्यात यावे. त्यातील इसम समाधानी नसून केवळ सत्काराला भुललेला होता.' वाचून मला हसू येईना. खाली सही होती आणि सहीखाली, त्यांच्या वळणदार अक्षरात, दोन ओळी.

'सोबत: शाल, एक नग.

प्रत माहितीस्तव: श्री. बिरुदेव, सांगोला.'