सदतीस सेकंद

वर्गात त्याला सगळे सरासरी म्हणत. पहिल्या सत्रात त्याला पडलेले गुण आणि वर्गाची सरासरी दशांशचिन्हासकट जुळली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आईला त्याने हे फोनवर कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नापास नाहीस ना? मग झालं."

अर्थशास्त्र मात्र स्वारीने फारच मनावर घेतलं होतं. एक गोष्ट निवडली की दुसरी हातची जाते, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेव्हापासून टेबल टेनिस खेळावं तर वाचन हुकेल, नाटकाच्या तालमीला जावं तर टिपणं राहतील, असा विचार करण्यात त्याची दोन वर्षं गेली. काहीच न निवडता वसतिगृह, वर्ग, ग्रंथालय; नाकासमोर गेला, नाकासमोर आला.

तिसऱ्या वर्षी अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "पुस्तकं पुरे. बाहेर जा, काहीतरी मोजा आणि मला येऊन सांगा."

त्याने सगळ्यात जवळचं 'बाहेर' निवडलं: वसतिगृहाची मेस. दुपारी तिथली रांग थेट जिन्यापर्यंत जायची. कारण खिडकीत एकोणीस वर्षं मावशी वाढायला होत्या. त्यांचा हात जितका चाले, त्याहून तोंड जास्त.

स्टॉपवॉच घेऊन तो तीन आठवडे खिडकीशेजारी उभा राहिला.

"काय रे, माझी शर्यत लावलीयस का?"

"अभ्यास आहे, मावशी."

"मग जरा तिकडे सरकून कर. भात सांडेल वहीवर."

निष्कर्ष निघाला: माणशी सदतीस सेकंद, त्यातले चोवीस नुसते बोलण्यात. मॅडमनी त्याचा तक्ता विभागाच्या फळ्यावर लावला, 'अ' श्रेणी दिली. आयुष्यात पहिल्यांदा गडी सरासरीच्या वर गेला आणि दोन दिवस जमिनीला पाय लावायला तयार नव्हता.

तिसऱ्या दिवशी मेसच्या व्यवस्थापकांनी तो तक्ता पाहिला. सोमवारी खिडकीत भरलेली ताटं ओळीने मांडलेली होती. सगळ्यांना सारखा भात, सारखी भाजी. उचला आणि चला. महिनाअखेरपर्यंत बघू आणि मग कायमचंच करू, असं ठरलं. रांग झरझर सरकली. मावशी आत, भांडी घासायच्या हौदावर.

ताट ठेवायला गेला तेव्हा त्याची मान वर होईना.

"तुझा कागद पाहिला हो," मावशी म्हणाल्या. "छान रेघा मारल्यास."

"मावशी, मी तुमच्याविरुद्ध काही..."

"बोलते मी जास्त, खोटं काय त्यात? इथली भांडी उलटून उत्तर देत नाहीत, एवढंच."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो मागे वळला आणि उष्ट्याच्या बादलीला धडकला. ती काठोकाठ भरली होती. शेजारी दुसरी भरलेली, आणि आचारी तिसरी घेऊन येत होता.

"रोज एवढं टाकतात?"

"या सोमवारपासून," आचारी म्हणाला. "आधी एक बादली पुरायची."

तो तसाच व्यवस्थापकांकडे गेला. "सर, पाच दिवस मावशींना परत खिडकीत द्या. मला बादल्या मोजायच्यात."

"अरे, चोवीस सेकंद वाया जातात असं तूच लिहिलंस ना?"

"त्या काय बोलतात ते मी ऐकलंच नव्हतं, सर."

या खेपेला त्याने स्टॉपवॉच खिशात ठेवलं आणि कान उघडले. "काल भाजी टाकलीस, आज अर्धीच घे." "तुझा जोडीदार कुठाय? ताप? मग त्याचं ताट झाकून ठेवते." "परीक्षा आहे ना, मग भात कमी घे, पेंगशील." आणि मग, कालथा त्याच्याकडेच रोखून, "आणि तू! दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवतोस. त्या टेबलावर जागा आहे बघ. नाटकवाले आहेत, चावत नाहीत."

आता मावशींचाच हुकूम म्हटल्यावर काय करणार? गेला.

मावशी खिडकीत असतानाचे पाच दिवस रोज एक बादली, नसतानाचे पाच दिवस रोज तीन. व्यवस्थापकांनी डोकं खाजवलं, बादल्यांकडे पाहिलं आणि मावशींना खिडकी परत दिली. घाईतल्यांसाठी पलीकडे भरलेली चार ताटं ठेवली. ती बहुधा तशीच निवायची. त्याने फळ्यावरचा जुना तक्ता स्वतःच्या हाताने काढला आणि नवा लावला. मॅडमनी तो वाचला, हसल्या, पण 'दहा दिवसांची पाहणी अपुरी' असा शेरा मारून 'अ'चा 'ब' केला. त्या वर्षी वर्गात बहुतेकांना 'ब'च होता.

नाटकवाल्यांनी त्याला पोस्टमनचं काम दिलं. एकच वाक्य. ही बातमी मावशींना कळायला अर्धा दिवसही लागला नाही.

"म्हणून दाखव," त्यांनी ताट अडवून धरलं.

"इथे? मावशी, मागे रांग आहे."

"असू दे. मोठ्याने म्हण."

त्याने म्हटलं. मावशींनी हावभाव नापसंत केले, पुन्हा म्हणायला लावलं. रांग जिन्यापर्यंत गेली होती, मागून कोणीतरी ओरडलं, "ए सरासरी, सरक की पुढे!" पण तो तिसऱ्यांदा म्हणायला लागला होता.