वनमालामावशींची स्कूटर

इकडे हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीत, आमच्या समोर वनमालामावशी मोहिते राहतात. वय चौऱ्याहत्तर. गेल्या दिवाळीत त्यांच्या नातीनं, उन्नतीनं, नवी स्कूटर घेतली. पत्र्याची बॉडी, गोल दिवा, जुन्या गाड्यांना असायचा तसला फिकट हिरवा रंग. मावशी ओट्यावरून उतरल्या आणि त्यांनी हँडलवरून हात फिरवला.

त्यांचे यजमान शिवाजीराव अचानक गेले, तेव्हा मावशी पस्तिशीच्याही नव्हत्या. मागे दोन मुलं, सासूबाई आणि एक स्कूटर. अनुकंपेवर मावशींना इंदरगंजच्या एका कार्यालयात नोकरी लागली. गाडी विकून टाका, असं सगळे म्हणत होते. मावशींनी विकली नाही. भावाला सोबत घेऊन रोज सकाळी गोरखीच्या पटांगणात जायच्या आणि तिथंच त्या चालवायला शिकल्या. सासूबाई सुलोचनाबाईंनी बोलणं टाकलं. मोहित्यांची सून भर बाजारातून गाडी फिरवणार, हे त्यांना सोसेना.

मग एकदा सुलोचनाबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि सवाऱ्या नेणाऱ्या टेम्पोवाल्यांचा संप. नाइलाजानं त्या सुनेच्या मागे बसल्या. इंदरगंजच्या चौकात गाडी बंद पडली. माणसं जमली.

"बहनजी, हटिए, हम देख लेते हैं," एकजण पुढे झाला.

मावशींनी पदर खोचला होता, प्लग काढायला पाना हातात घेतला होता. तेवढ्यात सुलोचनाबाई त्या माणसाच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"कोई हाथ नहीं लगाएगा. बहू को आता है."

मावशींनी प्लग पुसला, गाडी कुशीवर कलती केली, पुन्हा सरळ करून किक मारली. गाडी सुरू झाली. घरी येईपर्यंत सुलोचनाबाई एवढंच म्हणाल्या, "वळणावर हळू घेत जा." दुसऱ्या दिवसापासून सकाळी सीट पुसायला त्याच फडकं घेऊन अंगणात यायच्या.

पुढे पार्ट मिळेनासे झाले आणि ती गाडी भंगारात गेली. त्या दिवशी मावशी आमच्याकडे येऊन भाजी निवडत बसल्या होत्या. गाडी उचलून नेईपर्यंत घरी गेल्या नाहीत.

"आजी, तुझी गाडी एकदम भरोसेमंद होती ना?" नवी गाडी आली त्या दिवशी उन्नतीनं विचारलं.

"कसली गं? पावसात तर रुसूनच बसायची. पण काय बिघडलंय ते हाताला सापडायचं."

"हिला तर कुछ होतच नाही. बटन दाबलं की चालू."

"मग चांगलंच आहे की."

पुढच्या रविवारी दोघी सागरतालाकडे गेल्या. मोकळा रस्ता बघून मावशी म्हणाल्या, "मी घेऊ जरा?" उन्नती घाबरली, पण मागे सरकली. थोडं पुढे जाताच मावशींनी सवयीनं डावी मूठ आवळली, गिअर टाकायला. नव्या गाडीत तिथं ब्रेक. दोघी पुढे झुकल्या, गाडी जागीच थांबली.

"अगं, हिचा क्लच कुठाय?" म्हणत मावशी हसायला लागल्या, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं.

मग जपून तळ्यापर्यंत घेऊन गेल्या. आता रविवार आला की उन्नती उठायच्या आत त्या डोक्याला रुमाल बांधून तयार असतात.