त्रिवेणीचा नवा शिवदोरा

जिंतूरच्या मन्मथअप्पांची लेक त्रिवेणी तिसरीत असताना दुकानातली मोठी सायकल कैची मारून चालवायला शिकली, आणि तेव्हापासून तिच्या आईच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. पोरगी पडायची, गुडघे फोडून यायची, हळद लावून घ्यायची आणि पुन्हा सायकलीवर. मन्मथअप्पा किराण्याच्या गल्ल्यावर बसून हसायचे. सिद्धम्मा मात्र दारात उभी राहून गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावायची.

आठवीत पोरगी वाळायला लागली. सारखं पाणी मागायची. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखरेचा आजार आहे, सुई आता जन्माची. सिद्धम्मा बी.ए. झालेली. डॉक्टरांचं बोलणं तिला नीट कळलं, आणि नीट कळलं म्हणूनच कितीतरी रात्री झोप लागली नाही. साखर वाढली तर हळूहळू खाते आणि उतरली तर घटकेत पाडते, एवढं तिनं मनात पक्कं कोरून ठेवलं.

सुईच्याही आधीपासून त्या घरात एक रीत होती. लिंगायताचं घर. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग शिवदोऱ्यात ओवून गळ्यात असायचं. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि मगच तोंडात घास. ही रीत त्रिवेणीला सिद्धम्मानंच लावली होती आणि पोरीनं ती घट्ट धरली होती. दहावीच्या सहलीत पूजेचं जमलं नाही म्हणून ती उपाशी राहिली आणि औंढ्याच्या बसस्टँडवर चक्कर येऊन पडली. बाईंनी तोंडात साखर कोंबली म्हणून निभावलं. आई म्हणून सिद्धम्मा हादरली होती, पण पुढे कितीतरी दिवस आल्यागेल्याला तीच सांगत होती, "भोवळ आली, पण पोरीनं आपणहून घास घेतला नाही."

त्रिवेणी शिकली, परभणीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. शेतकरी पिशवीतून माती आणायचे आणि ती त्यातली चुनखडी मोजून सांगायची. लग्नाची स्थळं आली, सुईचं कळलं की परत गेली. तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. पगारातून जाड टायरांची गिअरची सायकल घेतली आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीला, कॉलेजात शिकवणाऱ्या वैदेहीला, सोबत घेऊन डोंगर पालथे घालायला लागली.

या हिवाळ्यात दोघींनी एक फेरी ठरवली. जिंतूरहून येलदरी, धरणाच्या खालून पूर्णेच्या काठाकाठानं चुनखडीच्या घळींतून, आणि नेमगिरीच्या डोंगराला वळसा घालून परत घरी.

"तिथं माणूस नाही काणूस नाही," सिद्धम्मा म्हणाली.

"म्हणून तर जायलाव आई. भिंती कशा पांढऱ्या हायेत माहितंय? नदीनं सुरीनं कापल्यासारख्या."

"पांढऱ्या असू दे न्हाईतर निळ्या. हा दोरा बघ किती विरलाय. तिथं धक्क्यानं तुटला आणि लिंग दरीत गेलं म्हणजे? काढ इकडं, मी नवा ओवते."

त्रिवेणीनं गळ्यातून काढून दिलं. सिद्धम्मानं नवा दोरा पिळला, गाठी दोनदा ओढून पाहिल्या, आणि पहाटे आंघोळीनंतर घालायला म्हणून डबी देवघरात ठेवली. पहाटे ती उठली ती दशम्या करायला लागली. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे. पाण्याची बाटली भरली, गोळ्याबिस्किटं कोंबली. त्रिवेणीनं सुई टोचून घेतली. पूजा नदीवर करून तिथंच खाणार होती. वैदेहीनं बाहेरून घंटी वाजवली आणि दोघी गेल्या.

उजाडल्यावर सिद्धम्मा आंघोळ करून देवघरात गेली. नव्या पांढऱ्या दोऱ्यासकट डबी तिथंच होती.

तिला आधी कळेचना की आपण काय बघतोय. मग लक्षात आलं. सुई घेतलेली. वर सायकल ताणायची. आणि गळ्यात लिंग नाही म्हणजे पोरगी अन्नाला शिवणार नाही. पिशवीत डबा असून नसल्यासारखा. फोन लावला तर लागेना. वैदेहीचाही लागेना. घळीत कुठली रेंज!

"अवो, उठा! गाडी काढा!"

"चहा तरी..." मन्मथअप्पा उठून बसले.

"चहा घेऊन काय करता? पोरगी उपाशी हाय तिकडं!"

स्कूटीवर सिद्धम्मा एका हातानं नवऱ्याचा खांदा आणि दुसऱ्या मुठीत डबी धरून बसली. येलदरीच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागल्या होत्या.

"जरा दामटा की!"

"दामटतो, पण तू कानात ओरडू नको. आपणच पडलो तर तिलाच यावं लागेल आपल्याला उचलायला."

"तुमाला फिकीरच न्हाई."

"तुझ्याजवळ हाय की सगळ्या गावाची. मला कुठून उरायची?"

एरवी तिनं चार शब्द ऐकवले असते. आज तिच्या डोळ्यांपुढे औंढ्याचं बसस्टँड होतं. तिथं बाई होत्या, साखर होती. घळीत पांढरी झालेली पोरगी आणि घाबरलेली वैदेही. घास घेतला नाही, असं आपणच मिरवत होतो. पोरीनं ते ऐकलं असेल, कितीदा ऐकलं असेल. देवा, आज एक दिवस तिला माझं काही ऐकू देऊ नको.

धरणाच्या खाली मासे विकणारी सगुणाबाई पाटी मांडून बसली होती. तिला विचारलं.

"टोप्यावाल्या दोघी ना? गेल्या की त्या पायवाटेनं. लय हसत होत्या."

"कधी?"

"ऊन पाटीवर नव्हतं आलं तवा."

म्हणजे बराच वेळ झाला. पायवाटेवर स्कूटी उड्या मारायला लागली तशी सिद्धम्मा उतरून पळत सुटली. दोन्हीकडे पांढऱ्या भिंती वर चढत गेल्या. पायाखाली चुनखडीचे खडे चपलेतून टोचत होते. वळणावर दोन सायकली आडव्या टाकलेल्या दिसल्या.

"त्रिवेणी!"

भिंतीच्या सावलीत त्रिवेणी बसली होती. आईला बघून तिनं मांडीवरचा डबा झटकन मागं सरकवला. गाल फुगलेले होते. घाईघाईनं गिळताना तिला ठसकाच लागला.

"आई? तू काहून आलीस?"

"तू खाल्लंस का काही?"

त्रिवेणीनं एकदा आईच्या मुठीतल्या दोऱ्याकडे बघितलं. "न्हाई... अजून पूजा कुठं झालीय..."

वैदेही तोंड फिरवून हसायला लागली. त्रिवेणीच्या हनुवटीला चटणी लागलेली होती.

"खोटं बोलू नको! खाल्लंस का न्हाई?"

"काकू, रागवू नका," वैदेही म्हणाली. "धरणावरच तिचे हात कापायला लागले होते. मी म्हटलं खा, तर ही म्हणते आईला काय सांगू."

"मग?" सिद्धम्माचा आवाज चिरकला.

"मग खाल्लं," त्रिवेणी मान खाली घालून म्हणाली. "धरणावर गूळ अन् बिस्किटं. आणि आत्ता दशमी. पूजा न करता. मुद्दाम मोडलं न्हाई आई, पण..."

सिद्धम्मा मटकन खाली बसली, त्या टोचऱ्या खड्यांवरच. तिनं लेकीचे दोन्ही हात ओढून घेतले आणि गालाला लावून बघितले. उबदार होते. कापत नव्हते. तिला हसू येत होतं का रडू, तिचं तिलाच कळेना.

"बरं केलंस," ती म्हणाली. "लय बरं केलंस बाई. राहिलेली पण खा."

"आधी पूजा तरी करू दे आता."

"आधी खा म्हणते ना!"

त्रिवेणीनं दशमीचा घास तोंडात घातला. मागून मन्मथअप्पा धापा टाकत आले. लेक चावताना दिसली तसा त्यांनी सोडलेला श्वास घळीत ऐकू आला. "मलापण द्या कुणीतरी. मला पूजेआधी चहाच मिळाला न्हाई, तर पूजा कुठली."

"आई, तू पण घे," त्रिवेणीनं दशमी पुढे केली.

"माझी पूजा राहिलीय. देवघरातूनच उठून पळाले."

मग चौघंही नदीवर उतरली. हातपाय धुऊन मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. त्रिवेणीनं नवा दोरा गळ्यात घातला आणि लिंग तळहातावर घेतलं. सिद्धम्मानंही स्वतःचं काढून डाव्या हातावर घेतलं. त्रिवेणीनं आपला डावा हात आईच्या हाताला टेकवला आणि उजव्या हातानं नदीचं पाणी दोघींच्या तळहातांवर सोडलं. सिद्धम्मा डोळे मिटून पुटपुटत होती. नेहमी मागायची तसं आज तिनं काहीच मागितलं नाही.

पूजा झाल्यावर तिनं दशमीचा घास घेतला आणि म्हणाली, "चल आता घरी. सायकल एखाद्या टेंपोत टाकू."

"अर्धी फेरी राहिलीय आई. साखर तपासली, चांगली हाय. खिशात गूळ हाय."

सिद्धम्मानं नवऱ्याकडे बघितलं. मन्मथअप्पा चटणी पुसून खाण्यात दंग होते. तिनं स्वतःच्या दशमीतली अर्धी मोडली, पदराच्या टोकानं पुसलेल्या डब्यात घातली आणि लेकीच्या पिशवीत कोंबली.

"वाटेत पुन्हा खायचं. माझ्यासाठी थांबायचं न्हाई, देवासाठी थांबायचं न्हाई. ऐकू आलं का?"

"आलं."

दोघी सायकलीवर बसल्या आणि पांढऱ्या भिंतींमधून पुढच्या उताराला लागल्या. सिद्धम्मा एका खडकावर चढून उभी राहिली.

"ब्रेकवर हात ठेव!" तिचा आवाज घळीत घुमत गेला. "त्रिवेणी! उतार हाय पुढं!"

"अगं ओरडू नको," मन्मथअप्पा म्हणाले, "न्हाईतर मागं वळून बघेल ती."

सिद्धम्मानं पदर तोंडावर धरला, आणि पदराआडून उरलेला घास चावायला लागली.